विष उतरलं, आता लेकराच्या मेंदूचं काय?

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून आणि थोडं आटोपतं करून ते इथे देते.

‘ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मे महिन्यात आम्ही सासरी, काटोलकडच्या गावी गेलो होतो. सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, संत्र्याचा बगीचा आहे. झाडांना उधई लागली म्हणून मामाजींनी शेजाऱ्याकडून क्लोरपायरीफॉस मागून आणलं, तेही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. बाटली ओसरीत फवारणीच्या पंपाजवळ ठेवली. दुपारी सगळे जेवून आडवे झाले आणि पोराने ती तोंडाला लावली. मामाजींनी घाबरून त्याला मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडाला फेस आला होता, छाती घरघरत होती. तिथे इंजेक्शनं दिली आणि नागपूरला पाठवलं. रस्त्यात एकदा आणि इथे आल्यावर एकदा असे दोन वेळा झटके आले. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, एकूण बारा दिवस अॅडमिट.

आता सहा महिने झालेत. झटक्यांचं औषध, लेव्हेटिरासिटाम, सुरू आहे. पण पोरगा पहिल्यासारखा राहिला नाही. एवढ्यातेवढ्यावरून चिडतो, बहिणीला मारतो. रात्री किंचाळत उठतो. पाठ असलेली गाणी विसरला. पळताना पडतो. शाळेतून ‘एका जागी बसत नाही’ असा निरोप आला. जाऊबाई म्हणतात, विष अजून अंगात आहे, ते काढायचं औषध एक जण देतात. कोणी म्हणतं, पुढे पाय लुळे पडतील. मेंदूवर कायमचा परिणाम झालाय का? शाळेला सांगू की लपवू? आणि एक गोष्ट लिहायलाही लाज वाटते. मामाजींचं तोंड पाहावंसं वाटत नाही. दिवाळीला आम्ही गावी गेलो नाही. तेही फोन करत नाहीत.’

ताई, ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे त्याचं उत्तर आधी देते. परिणाम कायमचा आहे का, हे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ‘काही होत नाही, लहान आहे, विसरून जाईल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि ‘पोराचं डोकं गेलं’ म्हणणाऱ्यावर तर मुळीच ठेवू नका. मात्र तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा लक्षणांना मेंदूच्या इजेखेरीज दुसरी कारणं असू शकतात, आणि त्यांतली काही महिना-दोन महिन्यांत दुरुस्त होण्यासारखी आहेत. म्हणून ती आधी तपासायची.

त्या दुपारी त्याच्या शरीरात काय झालं ते नीट कळलं तर पुढच्या अर्ध्या भीती आपोआप गळतील. नसेकडून स्नायूकडे, ग्रंथीकडे किंवा दुसऱ्या पेशीकडे निरोप नेणारं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन असतं. निरोप पोचला की एक एन्झाइम ते लगेच तोडून टाकतं. क्लोरपायरीफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक नेमकं या एन्झाइमलाच जखडतं. मग दाराची बेल दाबलेलीच राहावी तसं होतं. ग्रंथी पाझरत राहतात, म्हणून फेस आणि छातीतली घरघर. स्नायू आधी फडफडतात, मग थकून ढिले पडतात. मेंदूत हाच गोंधळ माजला की झटके येतात, शुद्ध जाते. मोठ्या माणसात लाळ, घाम, जुलाब ही लक्षणं ठळक असतात. लहान मुलांत पुष्कळदा सुस्ती, अंग ढिलं पडणं आणि झटके हेच पुढे दिसतं. किडे मारतानाही हे औषध असंच काम करतं, फक्त साडेचार वर्षांच्या मुलाला त्याचं फार थोडं पुरतं. या वयाच्या मुलाचा एक घोट साधारण ५ मिलिलिटरचा. बाजारात मिळणाऱ्या २० टक्के ईसीच्या, म्हणजे पाण्यात मिसळून फवारायच्या दाट द्रावणाच्या, एका घोटात जवळजवळ १ ग्रॅम विष जातं, आणि मुलाचं वजन जेमतेम पंधरा-सोळा किलो. तुमचा मुलगा यातून वाचला याचं मोठं श्रेय तालुक्याच्या त्या दवाखान्यात दिलेल्या पहिल्या इंजेक्शनांना आहे. ती बहुधा अॅट्रोपीनची, म्हणजे ग्रंथींचं पाझरणं थांबवणाऱ्या औषधाची, असावीत. तिथून नागपूर साठेक किलोमीटर. छातीतला पूर थोपवल्याशिवाय त्याला तसाच गाडीत घातला असता तर मी आज तुम्हाला हे पत्र लिहीत नसते.

मेंदूला इजा होण्याच्या इथे तीन वाटा होत्या: थेट विषाची, लांबलेल्या झटक्यांची आणि प्राणवायू कमी पडण्याची. पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने मला शेवटची सगळ्यात महत्त्वाची वाटते. म्हणून पहिलं काम कागदांचं. डिस्चार्ज कार्ड तुमच्याकडे असेलच, पण तेवढ्यावर थांबू नका. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन आयसीयूतल्या नोंदींची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यात काय पाहायचं? आणलं तेव्हा शुद्ध किती होती, ऑक्सिजन किती होता, श्वास किंवा हृदय कधी थांबलं होतं का, झटका किती मिनिटं चालला, मेंदूचा स्कॅन झाला असेल तर त्यात काय निघालं. ऑक्सिजन फार काळ खाली गेला नव्हता आणि झटके लवकर आटोक्यात आले होते असं दिसलं, तर ती चांगली खूण आहे. पुढे कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा हे कागद सोबत असू द्या. घाबरलेल्या आईच्या आठवणीवर कोणालाही निदान करावं लागू नये.

आता पाय लुळे पडण्याची भीती. ही कुणाच्या मनची गोष्ट नाही, असं खरोखर होतं. पण त्याला वेळेची मर्यादा आहे. या विषाची एक अशक्तता पहिल्या चोवीस ते शहाण्णव तासांत येते. शुद्ध आल्यासारखी वाटते आणि मग मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात. तुमचा मुलगा त्या काळात व्हेंटिलेटरवरच होता. दुसरी, लांबणीवर पडणारी, साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसते. पायांत मुंग्या येतात, पाऊल लटकं पडतं. अमेरिकेत १९३० मध्ये आल्याच्या अर्कात याच जातीचं एक रसायन मिसळलं गेलं होतं, आणि तो पिणाऱ्या हजारो लोकांचे पाय असेच गेले. तुमच्या मुलाला सहा महिने झाले आहेत. आता नव्याने हे होण्याचा काळ मागे गेला. तो पडतो आहे त्यामुळे एकदा तपासून घ्यायचंच: टाचांवर चालता येतं का, चवड्यांवर येतं का, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया जागी आहे का. बालरोगतज्ज्ञ पाच मिनिटांत हे पाहतात. पण पडण्याची साधी कारणंही आहेत. बारा दिवस अंथरुणाला खिळलेल्या मुलाचे स्नायू उतरतात. झटक्यांच्या औषधाने झापड येते, तोल जातो. डोळ्यांचा नंबरही असू शकतो. दृष्टी आणि ऐकणं दोन्ही तपासा, आणि बुद्धीची चाचणी करण्याआधी तपासा. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळणारच.

चिडचिडीबद्दल मला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. लेव्हेटिरासिटाम हे चांगलं औषध आहे, पण काही मुलांत त्याने राग, आदळआपट, रडणं वाढतं. हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तुमच्या मुलाचा स्वभाव हे औषध सुरू झाल्यापासून बदलला का, डोस वाढवला तेव्हा जास्त बिघडला का, हे तारखांसह लिहून काढा आणि ज्यांनी ते दिलं त्यांना दाखवा. विषबाधेच्या त्या एक-दोन दिवसांतच आलेले झटके पुढे आलेच नसतील, तर औषध किती दिवस चालू ठेवायचं हा प्रश्नही त्यांना विचारा. काही वेळा औषध बदलतात, काही वेळा हळूहळू कमी करून बंद करतात. स्वतःच्या मनाने मात्र एक दिवसही चुकवू नका. अचानक थांबवलं की झटका उसळून येऊ शकतो.

रात्रीच्या किंचाळण्याचं कोडं मोबाइल सोडवेल. व्हिडिओ काढा. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत उठून ओरडतो, तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही, तर ती या वयात बऱ्याच मुलांना येणारी झोपेतली भीती. पहाटेकडे उठतो, बिलगतो, ‘सुई’, ‘नळी’ असं काही बोलतो, तर ते दुःस्वप्न. अंग ताठ होत असेल, एक हात किंवा चेहऱ्याची एक बाजू ठरावीक लयीत उडत असेल, डोळे फिरत असतील, तर तो झोपेतला झटका असू शकतो. मग वाट न बघता तो व्हिडिओ घेऊन डॉक्टरांकडे जा, ते ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी, करायला सांगतील.

आणि दुःस्वप्नं पडली तर नवल काय? पाच दिवस घशात नळी, हात बांधलेले, रात्रंदिवस एकसारखा उजेड, यंत्रांचे आवाज, आई काचेपलीकडे. आयसीयूतून परतलेल्या मुलांत चिकटपणा, राग, झोप मोडणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं हे कित्येक महिने दिसतं, त्यांना विषबाधा झालेली नसली तरी. तुमच्या मुलाच्या वागण्यातला किती भाग विषाचा आणि किती त्या बारा दिवसांच्या धास्तीचा, हे वेगळं करणं बालमानसतज्ज्ञाचं काम आहे. धास्ती बरी होते. त्याला डॉक्टर-डॉक्टर खेळू द्या, बाहुलीला शंभर इंजेक्शनं देऊ द्या, अडवू नका.

हे सगळं बाजूला काढल्यावरही मेंदूचा प्रश्न उरतोच, तो मी टाळत नाही. इस्रायलमध्ये २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तान्हेपणी किंवा अगदी लहानपणी ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेने दवाखान्यात राहिलेली मुलं शाळेच्या वयात तपासली गेली. बहुतेक चाचण्यांत ती इतर मुलांसारखीच होती. फरक दिसला तो शब्द लक्षात ठेवण्यात आणि हात आवरण्यात, म्हणजे ‘थांब’ म्हटल्यावर थांबण्यात. मुलांची संख्या थोडी होती, त्यामुळे हा अभ्यास म्हणजे भाकीत नव्हे. पण कुठे लक्ष ठेवायचं ते त्यातून कळतं. असा सूक्ष्म परिणाम साडेचार वर्षांच्या मुलात उघड दिसत नाही. पाढे, परिच्छेद, रांगेत थांबणं, फळ्यावरून उतरवून घेणं, हे मागणं शाळा वाढवत नेते तेव्हा तो वर येतो. म्हणून आज एकदा तपासून ‘नॉर्मल’ शेरा मिळाला की फाइल कपाटात टाकू नका. आता एकदा, पहिलीत जाताना एकदा आणि तिसरीच्या सुमाराला एकदा तपासणी करा. मधल्या काळात त्याला सामान्य मुलासारखं वाढू द्या. रोज सकाळी ‘काल काय शिकवलं सांग’ अशी परीक्षा घेऊ नका. तुम्ही चार वेळा विचारलेलं आणि त्याने विसरलेलं प्रत्येक गाणं तुमच्या मनात मेंदूचा रिपोर्ट होऊन बसतं, आणि तुमच्या चेहऱ्यावरचं ते त्याला दिसतं. सहा महिने न म्हटलेली गाणी साडेचार वर्षांचं कुठलंही मूल विसरेल. नवी शिकतो का ते बघा. बोलता येणारे शब्दच गळू लागले, वाक्यं तुटू लागली, तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

तपासणी कुठे करायची? नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी बालरोग विभाग आहेत. मज्जासंस्थेच्या डॉक्टरांची गरज भासली तर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत ती सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात. त्यांच्यामार्फत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. तिथे मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार, फिजिओथेरपी हे खर्चाशिवाय मिळू शकतं. तुमचा मुलगा खाजगी शाळेत असला तरी जवळच्या अंगणवाडीताईंना विचारा. एक गोष्ट कळली तर तुम्हाला बरं वाटेल. मूल रोजच्या जगण्यात किती स्वावलंबी आहे हे मोजणारी व्हाइनलँड नावाची चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली ती डॉ. ए. जे. मालिन यांनी, १९६० च्या दशकात, आपल्या नागपुरात. सहा वर्षांपासून पुढच्या मुलांच्या बुद्धिमापनाची मालिन चाचणीही त्यांचीच. देशभरचे मानसशास्त्रज्ञ आजही त्या वापरतात. तुमच्या मुलाच्या पहिलीतल्या तपासणीत ती समोर आली तर बुजू नका. गुण कमी-जास्त आले तरी ते त्या दिवसाचे असतात.

जाऊबाईंना माझा निरोप सांगा. विष आता अंगात नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातून काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत निघून जातं. जखडलेलं एन्झाइमही शरीर दोन-चार महिन्यांत नव्याने तयार करतं. सहा महिन्यांनी ‘काढण्यासारखं’ काही उरलेलं नाही, म्हणून रक्ताची महागडी तपासणीही नको आणि विष उतरवणाऱ्या पुड्याही नकोत. अशा पुड्यांत आणि भस्मांत शिसं किंवा पारा सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि वाढत्या मेंदूला शिशाइतकं वाईट दुसरं क्वचितच काही असेल. बुद्धी वाढवणारी टॉनिकंही नकोत. डॉक्टरांना गरज वाटली नाही तर पुन्हा एमआरआयचा हट्टही नको. या वयात त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि सूक्ष्म अडचणींत तो बऱ्याचदा स्वच्छ येतो.

शाळेला सांगा. लपवलं तर शाळेकडे ‘व्रात्य मुलगा’ हे एकच स्पष्टीकरण उरतं, आणि तो शिक्का आधी चिकटला की निघत नाही. पण सगळं सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापिका, दोघींना एकत्र भेटा. ‘मे महिन्यात तो अपघाताने गंभीर आजारी होता, आयसीयूत होता. झटक्यांचं औषध सुरू आहे. पुढेमागे लक्ष आणि आठवण यांत अडचण येऊ शकते म्हणून आम्ही तपासण्या करतो आहोत.’ एवढं पुरे. पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, मधे एकदा उठून डस्टर आणून देण्यासारखं काम सांगा, एवढी विनंती करा. वर्गात झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही आणि पाच मिनिटांवर गेला तर १०८ ला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. पुढे शिकण्यात ठोस अडचण निघालीच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा आणि मज्जासंस्थेच्या दीर्घ आजारांचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. आज त्याचा विचार करायचं कारण नाही, फक्त दार बंद नाही एवढं माहीत असू द्या.

ज्यांच्या घरी असं काही झालेलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते, कारण मिठाच्या पाण्याने उलटी काढणं विदर्भातल्या कितीतरी घरांत अजून ‘पहिला इलाज’ आहे. तो करू नका. फवारणीच्या औषधात विषासोबत रॉकेलसारखा द्रावक असतो. उलटी होताना तो श्वासनळीत उतरतो आणि फुप्फुसं पेटतात. झटका येणारं किंवा गुंगीतलं मूल तर सहज गुदमरू शकतं. मीठ जास्त पोटात गेलं तर तेही लहान मुलाच्या मेंदूला घातक ठरतं. काहीही पाजायचं नाही. अंगावर सांडलेले कपडे काढून साबण-पाण्याने धुवायचं, आणि धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालायची, कारण हे विष कातडीतूनही जातं. कुशीवर झोपवून थेट दवाखाना, बाटली सोबत. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल फ्री क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा. आणि शहरात राहतो म्हणून निश्चिंत होऊ नका. देवघरातला कापूर लहान मुलाने थोडासा गिळला तरी अर्ध्या-पाऊण तासात झटके येऊ शकतात. उवा मारायला डोक्याला शेतीचं औषध लावणारी माणसं शहरातही आहेत. डासांच्या यंत्राची बाटली जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या प्लगला लावलेली असते. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉलने आजारी पडून आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या विषाने मूत्रपिंडं जातात आणि वाचलेल्यांच्या नसांवर काही दिवसांनी परिणाम दिसू शकतो. अशा प्रत्येक मुलाला घरी सोडल्यानंतरची तपासणी तितकीच हवी.

आता मामाजी. ताई, राग येणं चूक नाही. तुमचं मूल मरणाच्या दारातून आलं आहे. तो राग कोणत्या तारखेपर्यंत जावा असं मी सांगणार नाही. पण रागासोबत वस्तुस्थितीही मनात असू द्या. शेतीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत वाटून घेणं ही एकट्या तुमच्या सासऱ्यांची खोड नाही, गावोगाव हेच चालतं. मूळ बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो, म्हणजे अति विषारी, आणि विषाचं नाव व उपाय छापलेले असतात. अर्धं औषध शेजाऱ्याला दिलं की ही छापलेली माहिती मूळ मालकाच्या घरीच राहते. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे याच गटातलं कीटकनाशक सापडलं होतं. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणी करता करता वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. ज्या माणसाने आयुष्यभर उघड्या हाताने हे औषध कालवलं, त्याला त्याची भीती कोणी शिकवलीच नाही. मला राग येतो तो या गोष्टीचा, आणि तो मी लपवणार नाही. परवान्याशिवाय सुटं औषध फिरतं, आणि कृषी सहायकापासून दुकानदारापर्यंत कोणी घरी कुलूप आहे का हे विचारत नाही.

मुलाच्या बाजूनेही पाहा. त्याने एक बाटली तोंडाला लावली, मग सगळे ओरडले, मग सुया आल्या, आणि परत आल्यावर त्याचे आबाजी, म्हणजे हेच आजोबा, गायब. साडेचार वर्षांचं मूल याचा अर्थ एकच लावतं: माझ्यामुळे झालं. बहिणीला मारण्यात, रात्री ओरडण्यात याचाही वाटा असेल. त्याला साध्या शब्दांत सांगा. ‘त्या बाटलीत किड्यांचं औषध होतं, ते मोठ्यांनी चुकीच्या जागी ठेवलं. तुझी चूक नव्हती. आता ते कुलपात ठेवतात.’ हे वाक्य आबाजींच्या तोंडून गेलं तर त्याचं वजन जास्त. म्हणून मी संबंध जोडायला सांगते आहे, सासऱ्यांवर उपकार म्हणून नव्हे.

तुमच्या पत्रात एका माणसाचा उल्लेखच नाही, तुमच्या नवऱ्याचा. दवाखाने, शाळा, जाऊबाईंचे सल्ले, रात्रीचं जागरण, सगळं तुम्ही एकट्याच वाहता आहात असं मला वाचताना वाटलं. तसं असेल तर ते बदला. रात्र वाटून घ्या. बालमानसतज्ज्ञाकडे जाल तेव्हा दहा मिनिटं स्वतःसाठीही मागून घ्या. मुलाच्या आयसीयूनंतर आईबापांची झोप आणि मन बिघडणं फार नेहमीचं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. गावी पहिला फोन नवऱ्याने करावा, तुम्ही नाही. त्याने वडिलांना दोषाबद्दल न बोलता काम सांगावं: पत्र्याची पेटी, तिला कुलूप, किल्ली घराबाहेर, औषध मूळ बाटलीतच, रिकामी बाटली भोकं पाडून गाडलेली, शेजाऱ्याकडून उसनं औषध पुन्हा नाही. शेजाऱ्यालाही त्यांनीच हे जाऊन सांगावं. पेटी झाल्याचा फोटो मोबाइलवर आला की संक्रांतीला एका दिवसासाठी जा, मुक्काम न करता. पेटी झाली नसेल तर जाऊ नका, आणि का जात नाही ते स्पष्ट सांगा.